प्लेटोचे ‘रिपब्लिक’ विकत घेण्यापूर्वी: अनुवाद आणि आवृत्ती निवडण्याची क्रमवार पद्धत

‘रिपब्लिक’ हा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आपला गुरू सॉक्रेटिस याच्या तोंडून सांगितलेला संवादग्रंथ आहे, आणि त्याच्या दहा भागांना ‘पुस्तके’ म्हणतात. तो हौसेने विकत घेऊन दुसऱ्या पुस्तकाच्या आसपास बाजूला ठेवणाऱ्या वाचकांपैकी बहुतेक जण दोष प्लेटोच्या अवघडपणाला देतात, काही स्वतःच्या बुद्धीला देतात, आणि हातातल्या प्रतीकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही. प्रत्यक्षात अनेकदा दोष प्रतीचाच असतो. खरेदीचा क्रमच उलटा झालेला असतो: आधी ग्रंथाचे नाव शोधले जाते, मग किंमत, मग मुखपृष्ठ, मग ग्राहकांनी दिलेले तारे पाहिले जातात, आणि अनुवादकाचे नाव पुस्तक घरी आल्यावर, तेही सापडले तर, वाचले जाते. खाली दिलेला क्रम याच्या बरोबर उलट आहे. उदाहरण म्हणून ‘रिपब्लिक’ घेतले आहे, कारण त्याचे इंग्रजी अनुवाद भरपूर आहेत आणि त्यांच्यातले फरक अभ्यासक नसलेल्या वाचकालाही डोळ्यांनी दिसतात.

१. तयारी: आपण कशासाठी वाचणार, ते आधी लिहून काढा

हे काम पाच मिनिटांचे आहे, पण ते टाळले तर पुढचे सगळे टप्पे डळमळतात. ग्रंथ पहिल्यांदाच सलग वाचायचा आहे, अभ्यासक्रमासाठी किंवा वाचनगटासाठी हवा आहे, की एखाद्या संकल्पनेचा बारकाईने माग काढायचा आहे, हे एका वाक्यात लिहावे. पहिल्या प्रकारच्या वाचकाला प्रवाही भाषा आणि मोजक्या टिपा पुरतात. दुसऱ्याला उताऱ्यांचे क्रमांक छापलेली प्रत लागते. तिसऱ्याला असा अनुवाद लागतो, जो एका ग्रीक शब्दासाठी शक्यतो एकच शब्द वापरतो, मग वाक्य थोडे ओबडधोबड झाले तरी चालते. या तिन्ही गरजा सारख्याच भागवणारी प्रत माझ्या पाहण्यात नाही.

आपण इंग्रजी किती सहज वाचतो, हेही याच वेळी प्रामाणिकपणे ठरवावे. व्हिक्टोरियन काळातले लांबलचक इंग्रजी वाचताना दर पानाला अडखळणार असू, तर त्या अनुवादाची प्रतिष्ठा आपल्या उपयोगाची नाही.

२. क्रमांक समजून घ्या

‘ज्ञानेश्वरी’तला संदर्भ देताना आपण पान सांगत नाही, अध्याय आणि ओवी सांगतो, म्हणून कोणाच्याही घरातली कोणतीही प्रत उघडली तरी तो सापडतो. प्लेटोच्या ग्रंथांना अशीच सोय स्टेफानस क्रमांकांमुळे मिळते. १५७८ साली हेन्री स्टेफानस याने प्लेटोचे ग्रंथ छापले. त्या छपाईतले पान आणि पानाचा ए ते ई असा भाग आजही संदर्भासाठी वापरला जातो. ‘रिपब्लिक’ ३२७-एपासून सुरू होते आणि ६२१-डीला संपते, तर गुहेचा प्रसिद्ध दृष्टान्त ५१४-एला सुरू होतो.

चांगल्या आवृत्तीत हे क्रमांक समासात किंवा पानाच्या वरच्या कडेला छापलेले असतात. स्वस्त पुनर्मुद्रणांत ते पुष्कळदा गाळलेले असतात. मी स्वतः एकदा सोनेरी कडांची, पुठ्ठाबांधणीची देखणी प्रत घेतली होती. वाचनगटात सगळे ‘४३५ पाहा’ म्हणत असताना मी नुसती पाने चाळत बसलो होतो, कारण माझ्या प्रतीत क्रमांक नव्हते आणि अनुवादकाचे नावही नव्हते.

तपासणी: नमुन्यादाखल दिलेल्या पानांत समासाकडे पाहा. ३२७, ३२८ असे आकडे दिसत नसतील, तर अभ्यासासाठी ती प्रत बाद समजावी. नुसते सलग वाचायचे असेल तर हा दोष चालवून घेता येतो, मात्र पुढे कोणाशी चर्चा करायची वेळ आली की तो बोचणारच.

३. अनुवादकाचे नाव आणि अनुवादाचे वर्ष शोधा

शीर्षकपान आणि त्यामागचे मुद्रणाच्या तपशिलाचे पान, ही पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची दोन पाने होत. तिथे तीन गोष्टी पाहाव्यात: अनुवादक कोण, अनुवाद पहिल्यांदा कधी प्रसिद्ध झाला, आणि ही आवृत्ती संपूर्ण आहे की संक्षिप्त. छपाईचे वर्ष आणि अनुवादाचे वर्ष यांत गल्लत करू नये. ‘नवी आवृत्ती, २०२३’ असे ठळक छापलेल्या पुस्तकाच्या आत बेंजामिन जॉवेट यांचा १८७१ सालचा अनुवाद असू शकतो.

असे का होते, ते भारतीय कायद्यावरून कळते. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी प्रताधिकार संपतो, आणि अनुवादावरचा हक्क मूळ ग्रंथाहून वेगळा मोजला जातो. जॉवेट १८९३ मध्ये, पॉल शोरी १९३४ मध्ये आणि फ्रान्सिस कॉर्नफर्ड १९४३ मध्ये वारले, म्हणून त्यांचे अनुवाद आज कोणीही छापू शकतो. अप्पा बळवंत चौकात किंवा फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जे ‘रिपब्लिक’ अगदी स्वस्तात मिळते, ते बहुधा जॉवेट यांचे असते. त्यात लबाडी नाही आणि तो अनुवाद टाकाऊही नाही. त्याचे इंग्रजी डौलदार आहे. आपण काय घेतो आहोत, हे माहीत असले म्हणजे झाले.

सध्याच्या वाचकाला प्रत्यक्षात निवड करावी लागते ती साधारण पुढील अनुवादांतून. पेंग्विनचा डेस्मंड ली यांचा अनुवाद १९५५ चा असून १९७४ मध्ये तो सुधारून निघाला. तो सुगम आहे आणि त्यात भागांना दिलेली उपशीर्षके नवख्याला आधार देतात. ॲलन ब्लूम यांचा १९६८ चा अनुवाद मूळ शब्दांना चिकटून राहण्याचा आग्रह धरतो. ग्रूब यांचा १९७४ चा अनुवाद सी. डी. सी. रीव्ह यांनी १९९२ मध्ये सुधारला आणि तोच पुढे हॅकेट प्रकाशनाच्या १९९७ च्या एकखंडी समग्र प्लेटोमध्ये घेतला गेला. रॉबिन वॉटरफील्ड यांचा १९९३ चा अनुवाद ऑक्सफर्डच्या स्वस्त मालिकेत मिळतो, आणि टॉम ग्रिफिथ यांचा २००० सालचा केंब्रिजने काढला आहे. रीव्ह यांनी २००४ मध्ये स्वतःचा स्वतंत्र अनुवादही केला, पण त्यात सॉक्रेटिसचे ‘मी म्हणालो, तो म्हणाला’ हे निवेदन काढून नाटकासारखे थेट संवाद केले आहेत. एकाच विद्वानाचे नाव दोन वेगळ्या अनुवादांवर असल्यामुळे मागणी नोंदवताना इथे हमखास घोटाळा होतो.

इशारा: ‘आधुनिक सोप्या इंग्रजीत’ असे लिहिलेले असून अनुवादकाचे नाव, अनुवादकाचे निवेदन आणि मूळ ग्रीक पाठाचा उल्लेख यांपैकी काहीच नसेल, तर ते जुन्याच इंग्रजी अनुवादाचे शब्द बदलून केलेले रूप असण्याची दाट शक्यता आहे. अशी प्रत फुकट मिळाली तरी घेऊ नये.

४. ठरावीक उतारे समोरासमोर ठेवून वाचा

हा टप्पा लोक टाळतात आणि नेमका हाच निर्णायक आहे. पुस्तकाची पहिली चार पाने वाचून अनुवाद पारखता येत नाही, कारण सुरुवातीला जत्रेच्या आणि म्हाताऱ्या केफलसच्या गप्पा आहेत आणि तिथे सगळेच अनुवाद बरे वाटतात. त्याऐवजी पुढील जागा उघडाव्यात. दुकानात प्रत हातात घेता आली तर उत्तम. नाहीतर विद्यापीठाच्या किंवा शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात बसून दोन-तीन अनुवाद एकत्र पाहावेत. पर्सिअस या संकेतस्थळावर ग्रीक पाठ आणि शोरी यांचा अनुवाद क्रमांकानुसार मोफत वाचता येतो. तुलनेसाठी तो कायम उघडा ठेवावा.

पहिली जागा ४१४-बी ते सी. आदर्श नगरातल्या लोकांना त्यांच्या उत्पत्तीविषयी एक कथा सांगून ती त्यांच्या गळी उतरवावी, असे सॉक्रेटिस इथे सुचवतो. ग्रीक शब्द आहेत ‘गेन्नायोन’ आणि ‘प्सेउदोस’. पहिल्याचा अर्थ उमदे, कुलीन. दुसऱ्याचा अर्थ खोटे, असत्य. जॉवेट इथे ‘रॉयल लाय’ म्हणतात, ब्लूम ‘नोबल लाय’, ली ‘मॅग्निफिसंट मिथ’, तर कॉर्नफर्ड ‘बोल्ड फ्लाइट ऑफ इन्व्हेन्शन’. मराठीत बोलायचे तर एक अनुवादक ‘उदात्त थाप’ म्हणतो आणि दुसरा ‘भव्य पुराणकथा’. प्लेटोने राज्यकर्त्यांना खोटे बोलण्याची मुभा दिली का, हा ग्रंथावरच्या मोठ्या वादांपैकी एक आहे, आणि ‘मिथ’ वाचणाऱ्याला तो वाद आहे हेच कळणार नाही. ग्रीक ‘प्सेउदोस’ शब्दात कल्पितकथेचाही अर्थ सामावतो, हे ली आणि कॉर्नफर्ड यांच्या बाजूने सांगता येते. तरीही वाचकासमोर अडचण तशीच ठेवणारा अनुवाद मला अधिक प्रामाणिक वाटतो.

दुसरी जागा सहाव्या पुस्तकाचा शेवट, ५११-डी ते ई. इथे मनाच्या चार अवस्थांची नावे येतात: नोएसिस, दिआनोइआ, पिस्तिस, एइकासिया. सातव्या पुस्तकात ५३३-ईच्या सुमारास प्लेटो ही चौकडी पुन्हा मोजतो. त्या वेळी तो पहिलीचे नाव बदलतो आणि उरलेली तीन तशीच ठेवतो. अनुवादकाने दोन्ही ठिकाणी त्या तिघींना तेच इंग्रजी शब्द दिले आहेत का, आणि पहिलीचा बदल टिपेत तरी नोंदवला आहे का, एवढेच पाहावे. ग्रीक येत नसलेल्या वाचकाला शब्दांची सुसंगती तपासण्याचा याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

तिसरी तपासणी मुख्य शब्दाची. ‘दिकाइओसिने’ला बहुतेक जण ‘जस्टिस’ म्हणतात. वॉटरफील्ड ‘मॉरॅलिटी’ म्हणतात, कारण ग्रीक शब्दाची व्याप्ती न्यायालयातल्या न्यायापेक्षा मोठी आहे. त्यांचा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे. अडचण व्यवहारातली आहे: गटातले बाकीचे सगळे ‘जस्टिस’वर बोलत असतील आणि आपल्या प्रतीत तो शब्दच नसेल, तर दर वेळी मनातल्या मनात भाषांतर करत बसावे लागते.

चौथी जागा कोणतीही चालेल, फक्त जिथे सॉक्रेटिसशी बोलणारा ग्लाउकोन किंवा आदेइमान्तोस वारंवार ‘होय’, ‘निःसंशय’, ‘मला नाही कळले’ असे म्हणतो ते पान निवडावे. कॉर्नफर्ड यांनी १९४१ च्या अनुवादात अशी बरीच उत्तरे गाळून युक्तिवाद सलग केला, काही मजकूर संक्षिप्त केला आणि दहा पुस्तकांच्या जागी स्वतःची प्रकरणे योजली. प्रस्तावनेत हे त्यांनी उघड सांगितले आहे, आणि वाचायला तो अनुवाद खरोखर सोपा आहे. पण श्रोता कुठे सहज मान डोलावतो आणि कुठे कुरकुरतो, हे त्या ‘होय-नाही’तूनच कळते. म्हणून एकमेव प्रत म्हणून कॉर्नफर्ड घेऊ नये.

वेळ असेल तर आणखी एक गंमत पाहावी. ग्रंथाचा पहिलाच शब्द ‘कातेबेन’, म्हणजे ‘मी खाली उतरलो’, असा आहे. सॉक्रेटिस बंदराकडे उतरतो. ५२०-सीला गुहेबाहेरचा प्रकाश पाहून आलेल्या तत्त्वज्ञांना सांगितले जाते की आता तुम्हीही खाली उतरले पाहिजे, आणि क्रियापद तेच असते. दोन्हीकडे ‘खाली’ टिकवणारा अनुवादक शब्दांवर लक्ष ठेवून आहे, असे धरायला हरकत नाही.

तपासणी: या चार जागा वाचून झाल्यावर कोणता अनुवाद ‘सुंदर’ वाटला, यापेक्षा कोणत्या अनुवादात युक्तिवाद कुठे वळला ते बोट ठेवून दाखवता येते, ते पाहा.

माझा कौल असा: पहिल्या वाचनासाठी ग्रूब–रीव्ह, ते न मिळाल्यास ली, बारकाईच्या दुसऱ्या वाचनासाठी सोबतीला ब्लूम. ब्लूम यांच्या प्रतीत शेवटी जो दीर्घ निबंध आहे, तो मात्र मूळ ग्रंथ संपेपर्यंत उघडू नये. ते राजकीय तत्त्वज्ञ लिओ स्ट्राउस यांचे शिष्य होते आणि त्या निबंधात ग्रंथाचे एक ठाम, वादग्रस्त वाचन आहे.

५. टिपा, प्रस्तावना आणि सूची पाहा

याला फार वेळ लागत नाही. तळटिपा पानाखाली आहेत की पुस्तकाच्या शेवटी, विषयसूची आहे का, अनुवाद कोणत्या ग्रीक पाठावरून केला ते सांगितले आहे का, एवढे पाहावे. हस्तलिखितांत पाठभेद असतातच. एकनाथांना शके १५०६ मध्ये ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध करावी लागली, हे आपल्याला ठाऊक आहे. प्लेटोच्या बाबतीत बर्नेट यांनी १९०२ मध्ये आणि स्लिंग्ज यांनी २००३ मध्ये ऑक्सफर्डसाठी सिद्ध केलेले पाठ अनुवादक वापरतात. यातला कोणता चांगला, हे सामान्य वाचकाने ठरवण्याची गरज नाही. अनुवादकाने तो उल्लेख केला आहे का, एवढे पुरे.

६. मराठी अनुवाद घेताना वेगळी पारख करा

मराठीतून वाचण्याची इच्छा योग्यच आहे, परंतु इथे एक पायरी वाढते. अनुवाद थेट ग्रीकवरून आहे की इंग्रजीवरून, आणि इंग्रजीवरून असल्यास कोणाच्या, हे प्रस्तावनेत सांगितलेले असावे. जॉवेट यांच्यावरून केलेल्या मराठी अनुवादात जॉवेट यांचे सगळे निर्णय आपोआप उतरतात, आणि चौथ्या टप्प्यातली तपासणी मराठी प्रतीवर केली की तो वारसा लगेच उघड होतो.

त्याहून मोठी अडचण आपल्याच शब्दांची आहे. चौथ्या पुस्तकात ४३५ ते ४४१ या भागात प्लेटो ‘प्सीखे’चे तीन भाग दाखवतो. मराठीत त्यासाठी ‘आत्मा’ लिहिले की वेदान्ताचे संस्कार असलेला वाचक पहिल्याच ओळीला अडतो, कारण त्याच्या लेखी आत्म्याला भागच नसतात. ‘मन’ लिहावे, तर दहाव्या पुस्तकातले मरणोत्तर प्रवासाचे वर्णन विचित्र होते. चांगला अनुवादक यांपैकी एक शब्द पत्करतो आणि टिपेत त्याची अडचण सांगतो. तेच त्या तीन भागांचे. त्यांना सत्त्व, रज, तम अशी नावे दिलेली दिसली, तर तो अनुवाद राहिला नाही, भाष्य झाले. असे साम्य वाचकाने स्वतः शोधावे, अनुवादकाने ते मूळ मजकुरात घुसवू नये.

शीर्षकही पाहून घ्यावे. मूळ नाव ‘पोलितेइया’, म्हणजे राज्यव्यवस्था किंवा नगराची घडण. ‘रिपब्लिक’ हे लॅटिन वळणाने आलेले नाव आहे. ‘प्रजासत्ताक’ असे मराठी केले की २६ जानेवारीची आठवण होते, आणि आठव्या पुस्तकात याच ग्रंथाने लोकशाहीला जुलूमशाहीच्या आधीच्या पायरीवर बसवलेले पाहून वाचक चक्रावतो.

इशारा: ‘भावानुवाद’, ‘रूपांतर’ किंवा ‘सार’ हे शब्द शीर्षकपानावर बारीक टायपात असतात. ते शोधून वाचावेत.

७. ग्रंथ दुसरा असेल तर काय बदलते

क्रम तोच राहतो, फक्त खाचखळगे बदलतात. ॲरिस्टॉटलसाठी स्टेफानसच्या जागी १८३१ पासूनचे बेकर क्रमांक पाहावेत. कान्टच्या ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’च्या १७८१ आणि १७८७ अशा दोन आवृत्त्या आहेत आणि काही प्रकरणे त्यांत पूर्णपणे वेगळी आहेत, चांगल्या अनुवादात ए आणि बी या खुणांनी दोन्ही दाखवतात. इंटरनेटवर मोफत मिळणारा माइकलजॉन यांचा १८५५ चा अनुवाद दुसऱ्या आवृत्तीचा आहे. नीत्शेच्या नावावर ‘विल टू पॉवर’ विकले जाते. ते त्याने सिद्ध केलेले पुस्तक नाही, त्याच्या मृत्यूनंतर वह्यांतल्या नोंदींतून केलेले संकलन आहे, म्हणून नीत्शेची सुरुवात तिथून करू नये. सिमोन द बोव्हार यांचा १९४९ चा ‘द सेकंड सेक्स’ घेताना पार्शली यांच्या १९५३ च्या इंग्रजी अनुवादात बराच मजकूर गाळलेला आहे, हे लक्षात ठेवावे. पूर्ण अनुवाद २००९ मध्ये आला.

८. मागणी नोंदवताना

इथवर नीट आलेले वाचकही शेवटच्या पायरीवर घसरतात. ऑनलाइन दुकानांत एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या अनुवादांवरचे अभिप्राय पुष्कळदा एकाच ठिकाणी ओतलेले असतात. ‘भाषा फार सोपी’ हा अभिप्राय ली यांच्याबद्दल असतो आणि आपण जॉवेट मागवत असतो. नमुन्याची पानेही कित्येकदा भलत्याच आवृत्तीची दाखवतात. ई-पुस्तक आणि छापील प्रत एकाच नोंदीखाली असल्या तरी अनुवाद एकच असेल, असे धरू नये.

यावर उपाय एकच: ग्रंथाच्या नावाने शोध घेऊ नये. प्रकाशकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर त्या अनुवादाचा तेरा आकडी आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, पाहावा आणि तो आकडा दुकानाच्या शोधात टाकावा. गल्लीतल्या पुस्तकविक्रेत्यालाही तोच आकडा लिहून द्यावा; ‘पेंग्विनचे रिपब्लिक’ एवढे सांगणे पुरत नाही, कारण पेंग्विनने २०१२ मध्ये क्रिस्टोफर रो यांचा नवा अनुवादही काढला आहे.

९. प्रत हातात आल्यावर

परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी वीस मिनिटे काढावीत. शीर्षकपानावरचे अनुवादकाचे नाव मागणीशी ताडावे. ३२७-ए, ४१४-बी, ५१४-ए आणि ६२१-डी या चार जागा उघडून पाहाव्यात. त्यामुळे क्रमांक छापले आहेत की नाहीत आणि पाने गहाळ आहेत का, हे एकदमच कळते. जुन्या पुस्तकाची यंत्राने अक्षरे ओळखून केलेली प्रत असेल, तर समासातले सारांश मूळ वाक्यांच्या मध्येच मिसळलेले दिसतील. असे एक जरी पान आढळले, तरी पुस्तक परत करावे.

प्रत ठेवायची ठरली की आतल्या कोऱ्या पानावर अनुवादकाचे नाव आणि अनुवादाचे वर्ष पेन्सिलीने लिहून ठेवावे. वहीत टिपण काढताना पान नोंदवू नये. ‘रिपब्लिक, ४१४-सी, ग्रूब–रीव्ह’ अशी नोंद करावी, म्हणजे उद्या प्रत बदलली किंवा कोणी उसनी नेऊन परत केलीच नाही, तरी टिपण वाया जात नाही.